किलोमीटरमागे साठ पैसे

आमच्या दाजींना भाजीवालीने कोथिंबिरीच्या जुडीचे पाच रुपये जास्त सांगितले, तर ते पुढच्या गाळ्यावर जातात. घरी येऊन तोच माणूस सायकलसाठी 12,000 रुपयांचं सीट मागवतो.

"बारा हजार?" ताई विचारते.

"अगं, किलोमीटरमागे काढ ना! वीस हजार किलोमीटर तरी जाईल हे. साठ पैसे पडले. साठ पैशांत पीएमपीची बस तरी नेते का?"

हे वीस हजार किलोमीटर अजून व्हायचे असतात, हिशेबात मात्र ते होऊन गेलेले असतात. हेल्मेट, पेडलला खटकन अडकणारे बूट, गादीवाली चड्डी, सगळं याच भागाकारातून घरात शिरलं. खोकी ऑफिसच्या पत्त्यावर येतात. किंमत विचारली की "सेलमध्ये मिळालं." कुठला सेल, हे विचारायची घरात पद्धत नाही.

सायकल अर्थातच कार्बनची. चकलीच्या भाजणीसाठी घेतलेल्या ताईच्या काट्यावर दाजी बाटलीचा स्टँड तोलतात आणि "चाळीस ग्रॅम वाचले!" म्हणून ओरडतात. शर्यतीची सायकल 6.8 किलोहून हलकी नसावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दाजींची आठाच्या वर भरते, तरी त्यांना या नियमाची धास्ती. जणू कात्रजच्या बोगद्यापाशी कुणी काटा घेऊन उभाच आहे. वाचवलेले ग्रॅम सिंहगडावर कांदाभजी आणि मडक्यातलं दही यांच्या रूपाने व्याजासकट परत येतात.

त्यांचे वडील वीसेक किलोच्या काळ्या ॲटलसवरून, हँडलला डबा अडकवून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचे. खर्च काय, तर पंक्चर आणि तेल. हा विषय निघाला की दाजींना बाहेर काहीतरी काम आठवतं.

एकदा ताईनेच डाव उलटवला. "मला नवा मिक्सर हवाय. चटणीमागे काढा." दाजींनी निमूटपणे चांगला महागाचा मिक्सर आणला. मग त्याचं भांडं काट्यावर ठेवलं आणि "केवढं हे जड!" म्हणून आठवडाभर हळहळले.

पण एक आहे, माणूस सायकल खरंच चालवतो. आमच्या सोसायटीत ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असताना दाजी भर पावसात दिवे घाट चढत असतात. त्या बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. नंबर नाही, बक्षीस नाही, आणि मेडल हवं असेल तर त्याचेही पैसे आपणच भरायचे. दाजी ते हसत भरतात.

तेव्हा तुम्हाला सायकल घ्यायची असेल, तर दाजींना सोबत नेऊ नका. पंधरा-वीस हजारांत रोजच्या फेरफटक्याला पुरेल अशी सायकल मिळते, ती गुपचूप घ्या. पण रस्त्यात पंक्चर झाली, तर खुशाल त्यांनाच फोन करा. जेवणावरून उठून येतील, स्वतःजवळची नवी ट्यूब घालून देतील आणि तिचे पैसे काही केल्या घेणार नाहीत.