एक खिळा आणि तीन पुढारी

(उत्तर कोलकात्यातल्या एका गल्लीतला क्लब. जुलैचा पाऊस. बोरिक पावडरीने पांढराफटक झालेला कॅरम बोर्ड, एक ट्यूबलाइट. भिंतीवर नेताजी, रवींद्रनाथ आणि विजेचा मीटर. रवींद्रनाथ आणि मीटर यांच्या मधे एक रिकामा खिळा. फुटबॉलसाठी झटलेल्या एका दिवंगत पुढाऱ्याचा फोटो तिथे लावावा, असा क्लबने ठराव केलाय. पुढारी कोणता, हे ठरावात लिहायचं राहून गेलं. हजर मंडळी : मोहनबागानवाला, मतदानाला कायम लाल बावटा; ईस्ट बंगालवाला, पिढीजात काँग्रेस; सेक्रेटरी, ज्याला नऊच्या आत घर गाठायचंय; आणि बँकेतून बदलीवर आलेला एक कोल्हापूरकर. बोलणं बंगालीत चाललं होतं. कोल्हापूरकराला त्यातलं निम्मं कळलं, निम्मं आवाजावरून ओळखलं.)

सेक्रेटरी : आटपा लवकर. खिळा एकच आहे. दुसरा ठोकायला गेलो तर मीटर खाली येईल.

ईस्ट बंगालवाला : त्यात काय ठरवायचंय? प्रियदा. प्रियरंजन दासमुन्शी. वीसेक वर्षं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष.

मोहनबागानवाला : आणि त्या वीस वर्षांत आपण वर्ल्ड कपला किती वेळा गेलो?

ईस्ट बंगालवाला : प्रियदा गेले ना! २००६, जर्मनी. वर्ल्ड कपच्या सामन्याला मॅच कमिशनर म्हणून नेमलेला पहिला भारतीय.

मोहनबागानवाला : सामना कोणता, तेही सांग.

ईस्ट बंगालवाला : (चष्मा पुसत) ऑस्ट्रेलिया-क्रोएशिया.

कोल्हापूरकर : थांबा, थांबा. तीन पिवळ्या कार्डांची मॅच? रेफरीनं क्रोएशियाच्या शिमुनिचला दुसरं पिवळं दाखवलं आणि बाहेर काढायचंच विसरला, ती?

मोहनबागानवाला : तीच. तिसरं दाखवल्यावर साहेबांना आठवण झाली. आणि देखरेखीला कोण? यांचे प्रियदा.

ईस्ट बंगालवाला : कमिशनर वर बसतो रे बाबा. शिट्टी त्याच्या तोंडात नसते.

मोहनबागानवाला : त्यांना त्यात वावगं वाटलंच नसेल. काँग्रेसमधे माणसाला तीनदा काढल्याशिवाय तो गेला असं कुणी धरतच नाही.

कोल्हापूरकर : तिथं तीनदा काढून चौथ्यांदा तिकीट पण देतात.

ईस्ट बंगालवाला : हसा. फेब्रुवारी १९९६, जागतिक क्रमवारीत भारत चौऱ्याण्णवावा. त्याच्या वर आजतागायत गेलेलो नाही. कोणाच्या काळात?

मोहनबागानवाला : गोल प्रियदांनी मारले का?

ईस्ट बंगालवाला : आणि तुमचे सुभाषदा कुठे लेफ्ट विंगवर धावायचे?

मोहनबागानवाला : लेफ्टमधेच धावले, आयुष्यभर. (उठून उभा राहतो.) सेक्रेटरीमोशाय, लिहून घ्या. सुभाष चक्रवर्ती, क्रीडामंत्री. सॉल्ट लेकचं स्टेडियम १९८४ साली उघडलं. लाखावर माणूस एका वेळी बसायचा. त्याआधी काय होतं? मैदानावरची लाकडी गॅलरी, आणि घोडेस्वार पोलिसांची काठी.

ईस्ट बंगालवाला : स्टेडियम बांधलं, आणि दोन वर्षांत तिथे मुंबईचे नट-नट्या नाचवल्या. होप एटी-सिक्स! तुझ्याच पक्षातले लोक अपसंस्कृती म्हणून बोंबलत होते.

मोहनबागानवाला : मी पण बोंबललो. पण तिकीट काढून आत बसून बोंबललो.

ईस्ट बंगालवाला : आणि कम्युनिस्ट मंत्री असून तारापीठला देवीच्या पाया पडून आले. ज्योती बसू केवढे भडकले होते!

मोहनबागानवाला : भडकणारच. ज्योतीबाबू काही दर डर्बीला मोहनबागानच्या गॅलरीत बसत नव्हते. माझ्यासारख्या माणसाला विचारा, तारापीठ का लागतं.

कोल्हापूरकर : आमच्याकडं पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की अंबाबाईला दोन्हीकडनं साकडं. देवीनं करायचं काय?

सेक्रेटरी : बरोबरी. पुढे बोला, साडेआठ झाले.

ईस्ट बंगालवाला : तर ते स्टेडियम. सुभाषदांनी बांधलं, मान्य. पण ते सार्थकी कधी लागलं? तेरा जुलै १९९७. फेडरेशन कपची सेमीफायनल.

मोहनबागानवाला : विषय पुढाऱ्यांचा चाललाय.

ईस्ट बंगालवाला : एक लाख एकतीस हजार माणूस! यांचे कोच अमल दत्त आठवडाभर पेपरात डायमंड सिस्टिम समजावत होते. आमच्या ओमोलोला आमलेट म्हणाले, सोसोला शशा म्हणाले...

कोल्हापूरकर : शशा म्हणजे?

सेक्रेटरी : काकडी.

ईस्ट बंगालवाला : ...आणि भाईचुंगला चुंगचुंग. चुंगचुंगने तीन घातले. चार-एक! दुसऱ्या दिवशी बाजारात इलिश माशाचा भाव असा चढला की बायकोने विचारलं, जिंकायची काय गरज होती?

मोहनबागानवाला : आमचा एक चिमाने मारला, तो कसा होता हे सांगणार नाही हा.

ईस्ट बंगालवाला : सांगतो की. एक होता.

कोल्हापूरकर : मला एक कळेना, काका. तुम्ही लाल बावट्याचे, आणि जर्सी हिरवी-मरून. हे काँग्रेसचे, आणि यांची लाल-सोनेरी. इलेक्शनला गोंधळ होत नाही?

मोहनबागानवाला : नव्वद मिनिटं लाल रंग सोसत नाही. एरवी जीव देईन त्याच्यासाठी.

ईस्ट बंगालवाला : माझं नेमकं उलट. म्हणून एका बाकावर बसतो आम्ही. पक्ष आणि क्लब दोन्ही वेगळे असते तर बोलायला उरलं काय असतं, आणि दोन्ही एक असते तर भांडायला काय?

सेक्रेटरी : हे मिनिट्समधे लिहू नका.

मोहनबागानवाला : बरं, सुभाषदा नकोत ना? मग ज्योतीबाबू. तेवीस वर्षं मुख्यमंत्री. १९७७च्या जूनमधे आले, आणि सप्टेंबरात पेले ईडन गार्डनवर! न्यूयॉर्क कॉसमॉसविरुद्ध मोहनबागान, दोन-दोन. त्याच वर्षी शील्ड, ड्युरँड आणि तुमच्या मुंबईचा रोव्हर्स कप, तिन्ही आमच्याकडे. डाव्या सरकारचं पहिलंच वर्ष. याला म्हणतात राज्यकारभार.

ईस्ट बंगालवाला : पेलेला तुमच्या क्लबने आणलं. सरकारने पोलीस दिले.

मोहनबागानवाला : सिद्धार्थबाबूंच्या राज्यात काय झालं होतं? ३० सप्टेंबर १९७५. शील्ड फायनल. (खाली बसतो.) पाच-शून्य.

कोल्हापूरकर : अरारा.

मोहनबागानवाला : आणीबाणी होती. देशातली अर्धी बातमी सेन्सॉरने कापली. ही एक तेवढी आकड्यासकट छापली. सिद्धार्थशंकर राय यांना मी बाकी सगळं माफ करीन.

ईस्ट बंगालवाला : श्याम थापाचे त्यात दोन.

मोहनबागानवाला : तोच श्याम थापा सत्त्याहत्तरला आमच्याकडे आला. शील्ड फायनलला तुमच्याविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. असं पक्षांतर मला मान्य आहे.

कोल्हापूरकर : एकच माणूस गेला होय? आमच्या महाराष्ट्रात आता टीमची टीम पलीकडं जाते, क्लबचं नाव आणि बोधचिन्ह घेऊन.

सेक्रेटरी : आणि गोल कोणाचा धरायचा?

कोल्हापूरकर : ते कोर्टात आहे.

ईस्ट बंगालवाला : ज्योतीबाबू लावायचे असतील तर माझी हरकत नाही.

मोहनबागानवाला : (संशयाने) का बरं?

ईस्ट बंगालवाला : त्यांचं घराणं मूळचं बारदीचं. ढाक्याच्या बाजूचं. म्हणजे आमच्यातले. लावा, लावा. हार मी आणतो.

मोहनबागानवाला : जन्म कोलकात्यात झालाय!

ईस्ट बंगालवाला : माझा पण. तरी तुझी आई लग्नात मला निर्वासितांच्या पंगतीत बसवत होती.

मोहनबागानवाला : तिने तुला कोळंबीची मलाई करी दोनदा वाढली, हे विसरलास.

ईस्ट बंगालवाला : विसरलो नाही. इलिश मागितलं होतं.

सेक्रेटरी : म्हणजे ज्योतीबाबू कटाप?

मोहनबागानवाला : थांबा. डिसेंबर २००८. मॅराडोना आला. पायावर कॅस्ट्रो गोंदवलेला, दंडावर चे गेव्हारा. असा माणूस कोलकात्यात आल्यावर कोणाला भेटणार? ज्योतीबाबूंच्या घरी गेला. चौऱ्याण्णव वर्षांचे होते ते.

ईस्ट बंगालवाला : हे चौऱ्याण्णव बरे आठवतात. माझ्या चौऱ्याण्णवला हसलात.

मोहनबागानवाला : क्रीडामंत्री तेव्हाही सुभाषदाच. पुढच्या ऑगस्टमधे ते गेले. त्याच्या पुढच्या जानेवारीत ज्योतीबाबू.

ईस्ट बंगालवाला : आणि प्रियदा ऑक्टोबरातच कोसळले होते. मॅराडोना आला तेव्हा हॉस्पिटलात. फुटबॉलचा सगळ्यात मोठा पाहुणा गावात, आणि यजमान बेशुद्ध. नऊ वर्षं तसेच. २०१७च्या नोव्हेंबरात गेले, त्याच्या तीन दिवस आधी आयएसएलचा चौथा हंगाम सुरू झाला होता. ही लीग निघाल्याचं त्यांना कळलंच नाही.

मोहनबागानवाला : तेवढं एक बरं झालं त्यांचं.

(दोघेही मान हलवतात. संध्याकाळपासूनचं पहिलं एकमत.)

कोल्हापूरकर : काका, जिवंत असताना एवढं प्रेम होतं का हो?

ईस्ट बंगालवाला : छे! महासंघाच्या नावाने इतक्या शिव्या घातल्यात मी. पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यात.

मोहनबागानवाला : मी सुभाषदांच्या गाडीपुढे आडवा झालो होतो. डर्बीची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून. पुढे त्यांनी दिली, ते वेगळं.

ईस्ट बंगालवाला : किती?

मोहनबागानवाला : दोन. एकावर तू आला होतास.

ईस्ट बंगालवाला : ती तिकिटं सुभाषदांची होती? मला म्हणालास, काळ्या बाजारात घेतली. मी पैसे दिले तुला!

सेक्रेटरी : (घड्याळ बघत) जुने हिशोब बाहेर. बँकवाले साहेब, तुम्ही तटस्थ. तुमच्याकडचा कोणी दिवंगत पुढारी आहे का, फुटबॉलवाला? म्हणजे वादच मिटेल.

कोल्हापूरकर : आहे ना! आमचे चंद्रकांत जाधव. अण्णा. २०१९ला कोल्हापूर उत्तरचे आमदार झाले, २०२१च्या डिसेंबरात गेले. स्वतः फुटबॉल खेळलेला माणूस.

ईस्ट बंगालवाला : स्वतः? मैदानात उतरून?

कोल्हापूरकर : मैदानात उतरून. आमच्याकडं तालमीत कुस्ती पण असते आणि फुटबॉल पण.

मोहनबागानवाला : बूट घालून? चिखलात?

कोल्हापूरकर : हो तर.

(दोघे एकमेकांकडे बघतात.)

मोहनबागानवाला : मग नाही जमणार.

ईस्ट बंगालवाला : अजिबात नाही. तो खेळाडू झाला. ठराव पुढाऱ्याचा आहे.

मोहनबागानवाला : शिवाय त्याला चेंडू कळत असणार. त्याच्याबद्दल आम्ही बोलायचं काय?

सेक्रेटरी : नऊला पाच कमी. विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात येत आहे. ही अकरावी वेळ. (कोपऱ्यातली निथळणारी छत्री उचलून रिकाम्या खिळ्याला अडकवतो आणि चपला शोधू लागतो.)

ईस्ट बंगालवाला : हे काय? छत्री हिरवी आहे.

सेक्रेटरी : बायकोची आहे.

ईस्ट बंगालवाला : बायकोची असो नाहीतर कोणाची. रवींद्रनाथांच्या शेजारी हिरवा रंग! आणि मूठ बघा, मूठ मरून आहे!

मोहनबागानवाला : राहू द्या हो, सेक्रेटरीमोशाय. पाऊस आहे. शोभतेय.