स्वस्थ बसण्याचे शास्त्र

स्काऊट मास्तर होण्यास स्वेच्छा लागते, असा नियम आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी माझी स्वेच्छा माझ्या परोक्ष मुक्रर करून शिपायाकरवी ती मला कळवली, इतकेच. व्यवसायाने मी गणिताचा शिक्षक. एका दृष्टिक्षेपात सारा वर्ग चिडीचूप करणे हे माझे पिढीजात वतन. तेव्हा गळ्यात स्कार्फ, स्कार्फाला वॉगलचे कडे आणि खिशात शिट्टी आल्यावर त्या वतनात आणखी काही बिघ्यांची भर पडली, असेच मी समजून चाललो होतो.

प्रशिक्षण शिबिरात ते वतन खालसा झाले. तेथे निरनिराळ्या शाळांतून आलेल्या आम्हा प्रौढांचे संघ पाडून त्यांना पशुपक्ष्यांची नावे बहाल करण्यात आली, आणि ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने विद्यार्थ्यांची गाळण उडत असे, असे संस्कृतचे एक वयोवृद्ध पंडित भल्या पहाटे, टोपी सावरीत, मैदानात कोल्हेकुई करताना मी या डोळ्यांनी पाहिले. परंतु खरा धक्का पुढेच होता. स्काऊट चळवळीचे संस्थापक बॅडन-पॉवेल हे सेनापती. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा त्यांनी निभावून नेलेला. अशा गृहस्थाने १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले, ते मात्र चार संघ पाडून आणि प्रत्येक संघाचा कारभार एकेका मुलाच्या, म्हणजे संघनायकाच्या, हवाली करून. आणि पुढे स्काऊट मास्तराने शिक्षकही होऊ नये, लष्करी अधिकारीही होऊ नये, केवळ थोरला भाऊ व्हावे, असा उपदेश केला. सारांश, संघनायकाच्या कामात मास्तराने हात घालावयाचा नाही.

हे तत्त्व वहीत उतरवून घेणे सोपे. भात शिजत असताना पाळणे महाकठीण. आमच्या शाळेच्या पथकाच्या पहिल्याच मुक्कामी, तांदळावर पेरभर पाणी ठेवावे हे आईचे वचन संघनायकाने प्रमाण मानले, परंतु पेर कोणाचे याविषयी वाद उपस्थित झाला, आणि रीतसर मतदान होऊन पथकातील सर्वांत उंच मुलाचे बोट पातेल्यात बुडवण्यात आले. ओली लाकडे फुंकताना डोळ्यांतून धारा लागल्या. तीन दगडांपैकी एक कलला. पातेल्याने आग्नेय दिशेस झुकून आपला मनोदय व्यक्त केला. मी आंब्याखाली बसून होतो, आणि माझा उजवा हात उठू नये म्हणून तो डाव्या हाताने धरून ठेवला होता. शेजारी बसलेल्या इतिहासाच्या शिक्षकांना हा संयम साधला नाही. शतपावलीच्या मिषाने गेले आणि बुटाच्या टोकाने दगड सरळ करून आले. मी ते पाहिले नाही, असे ठरवले.

धुराचा वास असलेली ती पेज मुलांनी पातेले खरवडून संपवली आणि मीठ विसरल्याबद्दल संघनायकाने स्वतःच भांडी घासण्याची शिक्षा स्वतःस फर्मावली. माझ्या उभ्या हयातीत माझ्या कोणत्याही शिक्षेची इतकी तत्पर अंमलबजावणी झालेली नाही.

पुढे त्या संघनायकाचे वडील शाळेत आले. चिरंजीव हल्ली पहाटे उठून स्वतःचे अंथरूण काढतात, आजीचा चहा करतात. आपण त्याला नेमके शिकवलेत काय, असे त्यांनी भारावून विचारले. “काहीच नाही,” मी सत्य तेच सांगितले. त्यांनी तो माझा विनय समजून नमस्कार केला आणि धाकट्याचेही नाव पथकात दाखल केले.