पत्ता बदलणारं तळं

दारव्ह्याकडे तळ्याकाठी घर असलेल्या माणसाचा पत्ता दिवाळीत लिहून घ्यावा आणि मे महिन्यात त्या पत्त्यावर जाऊन पाहावं. घर जागेवर असतं, दारातला कडुनिंब असतो, आत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घुमत असतो. काठ तेवढा निघून गेलेला असतो. दिवाळीत ओट्यावरून दिसणारं पाणी होळीला बाभळींच्या पलीकडे सरकतं आणि 25 मेला सूर्य रोहिणीत शिरून नवतपा लागला, की पाहुण्याला ते बोट दाखवून पटवून द्यावं लागतं. घरमालक जरा ओशाळतो. तसा हा प्रकार दारव्हेकरांना नवा नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी शकुंतलेची गाडी मोतीबाग स्थानकात येईनाशी होऊन वर्षं लोटली, तरी ते स्टेशनच. पाण्यावाचून काठाला काठ म्हणायला हरकत कसली? आणि पारा 45 ला टेकला असताना, विदर्भातल्या शाळासुद्धा जूनअखेरपर्यंत उघडत नाहीत तिथे तळ्यानेच तेवढी हजेरी का लावावी?

पाणी मागे गेलं, की उघड्या पडलेल्या जमिनीवर हक्क सांगणारे पुढे येतात. आधी शेळ्या, मग पोरं. चिखल वाळून कडक झाला, की तिथे क्रिकेट सुरू होतं. भेगांमुळे चेंडू असा वळतो, की साध्या पोरालाही आपण फिरकी गोलंदाज असल्याचा भास व्हावा. आणि नेमकी तिथेच कुठेतरी टिटवी अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतं. चार खड्यांच्या मध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी. न दिसणारी वस्तू जपण्यासाठी ती एवढा कल्लोळ करते, की शेवटी सगळ्यांना ती दिसते. मग पोरं निमूटपणे स्टंप उपटून पलीकडे नेतात. टिटवीला मात्र हे औदार्य मान्य नसतं. ती नव्या खेळपट्टीवरही डोक्यावर येऊन ओरडून जाते. वेडे राघू तारेवर बसून सामना बघतात आणि मधूनच झेप घेऊन, पंचाला न विचारता, एखादा झेल टिपतात.

या सगळ्यांत खरा हक्कदार सकाळी ऊन तापायच्या आत येतो. धोतर, डोक्याला दुपट्टा, हातात विळा. कुंभारकिन्हीसारखे प्रकल्प झाले, तेव्हा तालुक्यातली काळी, कसदार शेतं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात त्यातली थोडी वर येतात. पाटबंधारे खातं ती गाळपेरीला काही महिने भाड्याने देतं, आणि असल्या जमिनीवर पहिला मान मूळ मालकाचा. म्हणजे आपल्याच वावराला भाडं भरून हा म्हातारा पाहुण्यासारखा राहायला येतो. गाळात धुरा कधीचा बुजलेला. तरी तो पावलं मोजत जातो, एका जागी थांबतो आणि तिथून वळतो. तिथे कधीकाळी बोरीचं झाड होतं म्हणे. बोर नाही, बांध नाही, पण वळण त्याच्या पायात शाबूत आहे. शेजारच्या तासाशी त्याचा जुना वादही शाबूत आहे. वर्षातले आठ महिने ज्या जमिनीवर मासे फिरतात, तिच्या हातभर पट्टीसाठी तो मेच्या उन्हात तावातावाने बोलतो, आणि भांडण संपलं की त्याच शेजाऱ्याला डांगर कापून देतो.

मृग जवळ आला, की त्याची पंचाईत होते. सगळा तालुका आभाळाकडे बघत असतो. वरच्या शेतात कपाशी-तूर पेरायला त्याच्या पोरालाही पाऊस हवाच असतो. याची मात्र शेवटची टरबुजं अजून वेलावर. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, खोलगटात घातली की बेताचा, असं जुनी माणसं सांगतात. यंदा तिने अगदी तळाशी, पाण्यालगत घातलेली पाहून मी त्याला म्हटलं, "बाबाजी, टिटवी तुमच्या बाजूने आहे. पाऊस कमीच दिसतो."

त्याने अंड्यांकडे पाहिलं, मग पोराच्या नांगरून ठेवलेल्या वावराकडे, आणि घाईघाईने म्हणाला, "तिले काय समजते, बाप्पा! ते नवीन हाय इकडे."

तरी त्या दिवशी जाताना त्याने आणखी दोन टरबुजं तोडून घेतली.