नैवेद्य दाखवावा कसा: अमेरिकेतल्या नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

आजवर ज्यांचा नैवेद्याशी संबंध "दाखवून झाला का? भूक लागलीय" एवढं विचारण्यापुरताच आला, आणि आता एडिसनच्या किंवा डॅलसच्या अपार्टमेंटमध्ये ते ताट ज्यांच्या स्वतःच्या हाती येऊन पडलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. पूर्वानुभवाची गरज नाही. पूर्वानुभव फोनवर उपलब्ध असतो आणि न विचारताही मिळतो.

पायरी 1. मुहूर्त

2025 साली गणेश चतुर्थी बुधवारी आली. बाप्पा ऑफिसचं कॅलेंडर बघत नाहीत. म्हणून रीत अशी पडली आहे: घरी चतुर्थीलाच, मंडळात सोयीच्या शनिवारी. सकाळी आठला न्यू जर्सीत उकड काढायला घ्याल तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे आईची आरती, जेवण, वामकुक्षी सगळं उरकलेलं असतं, आणि व्हिडिओ कॉलवर तुमच्या मोदकांच्या कळ्या मोजायला ती पूर्ण मोकळी असते.

पायरी 2. साहित्य

"इथे काही मिळत नाही" ही तक्रार करण्याची मुदत संपली आहे. 1965च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर जी पहिली पिढी आली तिला तो हक्क होता. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं तेच मुळी 1974 साली, आणि सगळे काही शिकागोत राहत नव्हते. त्या काकू-मावश्यांनी रिकोटा चीजची बर्फी, बिस्क्विकचे गुलाबजाम आणि सावर क्रीमचं श्रीखंड देवापुढे ठेवलं. देवाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

आज किसलेला नारळ गोठवलेला मिळतो. केळीची पानं एशियन किंवा मेक्सिकन दुकानात शोधा. तिथे ती तामालेंसाठी ठेवलेली असतात. मोदकांसाठी थाई तांदळाची पिठी घ्याल तर पाकीट नीट वाचा. 'ग्लुटिनस' लिहिलेली चिकट पिठी उचललीत तर मोदकांऐवजी एक मोठा सामुदायिक मोदक होईल. दह्याचा डबाही उलटून वाचा. काही दह्यांत जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून येतं. तूप कढवायला बिनमिठाचं बटर आणा. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. ते तुपातून चोरपावलांनी नको.

दूर्वा विकत घेऊ नका. टेक्सासात लोक दूर्वांचं अख्खं अंगण राखतात आणि तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. उत्तरेकडे तीच तण म्हणून उपटतात. मात्र खुडण्याआधी हिरवळीत छोटासा झेंडा रोवलेला आहे का ते पाहा. असेल तर तिथे औषध फवारलं आहे.

पायरी 3. देव तसा स्वयंपाक

गणपतीला उकडीचे मोदक, एकवीस. गौरी आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. काही घरी गौरीला मटणाचा किंवा मासळीचा नैवेद्य असतो, आणि तिथे 'कांदा-लसूण नको' हा नियम आपोआप रजेवर जातो. घरची रीत विचारून घ्या. चार जणींना विचारल्यास पाच उत्तरं मिळतील.

खंडोबाला चंपाषष्ठीला भरीत-रोडगा. इथलं ढब्बू वांगं जणू त्यासाठीच वाढवलेलं असतं. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर, तूप, सगळं सव्वाच्या मापात. इथे अमेरिका अनपेक्षितपणे मदतीला येते. या देशाने दशमान पद्धत नाकारून प्रत्येक घरात एक कप आणि पाव कप अशी मापं ठेवली आहेत. सत्यनारायणासाठी याहून सज्ज स्वयंपाकघर जगात नाही.

पायरी 4. चव न घेणे

ही सर्वांत अवघड पायरी असून तिला कोणतंही उपकरण लागत नाही. आमटीत मीठ पडलं की नाही, हे चमच्याने नव्हे, श्रद्धेने ठरवायचं. सारण अळणी की गोडमिट्ट, तेही देवच आधी बघणार. दिवसभर आपल्यासाठी, आपल्या चवीनं, आपल्या वेळेला मागवून खाणाऱ्या माणसाला एक दिवस रांधून थांबायला लावणं, हा नैवेद्याचा निम्मा अर्थ आहे. उरलेला निम्मा पायरी 6 मध्ये आहे.

पायरी 5. दाखवणे

देवापुढे पाण्याने चौकोन काढा, त्यावर ताट ठेवा. भाताच्या मुदीवर वरण आणि तूप. ताट देवासाठी वाढलं आहे हे विसरू नका: चटणी-कोशिंबिरीची डावी बाजू देवाची, म्हणजे समोर बसलेल्या तुमची उजवी. ताटाभोवती पाणी फिरवा, प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच प्राणांना आहुती द्या. मग हात धुवायला पाणी, शेवटी विडा. थोडक्यात, पंगतीला बसलेल्या पाहुण्याचं जे करतो तेच. हीच पाच नावं माणूस स्वतःच्या जेवणाआधीच्या आहुतींतही घेतो. देवाला वेगळी पचनसंस्था दिलेली नाही.

कापूर लावण्यापूर्वी स्वयंपाकघरातला पंखा चालू करून खिडकी उघडा. धुराचा अलार्म कोणतीही आरती मानत नाही.

मोदक सगळेच फुटल्यास खचून जाऊ नका. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये गणपतीचं मंदिर आहे; प्राणप्रतिष्ठा 4 जुलै 1977, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. वर दर्शन घ्या, खाली तळघरातल्या कॅन्टीनमध्ये डोसा खा. मात्र तो डोसा तुमचा नैवेद्य नव्हे. तो तुमच्या भुकेचा.

पायरी 6. वाटणे

ताट उचललंत की काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. तिथे ते सुरू होतं. दाखवेपर्यंत अन्न तुमचं होतं. आता तो प्रसाद आहे, आणि प्रसादावर मालकी नसते. गावी हा प्रश्न नव्हता. आरतीचे टाळ ऐकून माणसं आपोआप यायची. इथे घर मोठं, फ्रिज त्याहून मोठा, आणि एकवीस मोदकांना खाणारे तिघं. फ्रीझर हा नैवेद्याचा शत्रू आहे.

म्हणून शेजारी जा. "ग्लुटेन आहे का?" असा प्रश्न येईल. छाती फुगवून सांगा की हा देव शतकानुशतकं ग्लुटेन-फ्री आहे. सुकामेव्याची अ‍ॅलर्जी मात्र आधी विचारा, आणि शाळेत खिरापत पाठवू नका.

शंका-समाधान

मूल विचारतं, बाप्पा खातो तर ताट तसंच कसं? नामदेवाची गोष्ट सांगा. पंढरपूरच्या विठ्ठलाने छोट्या नामदेवाच्या हट्टापायी नैवेद्य खरोखर खाल्ला, तर घरच्यांचाच विश्वास बसेना. एरवी देव आपला वाटा सोडतो म्हणून शेजाऱ्याला मिळतो, एवढं मुलाला पुरे.

वेळच नसेल तर? गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर काम भागतं. पहिल्या पाच पायऱ्या लागतील तशा आखडा. सहावी गाळू नका. तिच्यावाचून उरतो तो फक्त उशिरा झालेला स्वयंपाक.

शेजारीण डबा परत करताना त्यात चॉकलेट चिप कुकीज घालते. देवापुढे ठेवू? बहुतेक घरी चालणार नाही, त्यात अंडं असतं. तुम्ही मात्र निमूट खा, आणि पुढच्या चतुर्थीला तिच्या नावाचे दोन मोदक जास्त धरा.