थोरपणाचा निकाल लांबणीवर

माणूस थोर आहे की नाही, हे त्याच्या हयातीत ठरवू नये, ते काम पुढच्या पिढ्यांवर सोपवावं, असं आपल्याकडे मोठ्या गांभीर्यानं सांगतात. सिद्धान्त सोयीचा आहे. जिवंत माणसाला थोर म्हटलं की त्याचं ऐकावं लागतं, आणि तो शेजारीच राहत असेल तर फारच पंचाईत. मेलेला थोर बरा. सभेत उठून प्रश्न विचारत नाही, जयंतीला एक हार घातला की वर्षभर तक्रार नाही.

हा सिद्धान्त तपासायला पुण्याजवळचं लोणी काळभोर पुरेसं आहे. इथल्या राजबागेत राज कपूर यांचा मुक्काम असे. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरणही इथलंच. 1970 साली त्यांनी दोन मध्यंतरांचा ‘मेरा नाम जोकर’ काढला आणि प्रेक्षकांनी तो साफ पाडला. 1973च्या ‘बॉबी’नं त्यांना सावरलं. पुढच्या पिढीनं मात्र तोच जोकर अभिजात ठरवला. ठरवू दे. पण पंच कोण होते तेही बघा. पहिल्यांनी खिशातून तिकिटाचे पैसे काढले होते आणि चार तास खुर्चीत अवघडून काढले होते. दुसऱ्यांनी तो घरच्या टीव्हीवर, जेवता जेवता, मधली दोन गाणी पुढे ढकलून पाहिला. एवढ्यात कुणीही उदार होतो.

त्याच परिसरात आता एमआयटीची विश्वराजबाग आहे आणि तिथे ज्ञानेश्वरांच्या नावाचा 160 फूट व्यासाचा घुमट. 2 ऑक्टोबर 2018 रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत संत, तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञांचे 54 पुतळे. ज्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली असं परंपरा सांगते, त्यांतल्या एकाला समाधीनंतर सातशे वर्षांनी एवढं छप्पर मिळालं. उशीर झाला खरा, पण चौरस फुटांत कसर भरून निघाली.

आता तुकोबा. दर आषाढवारीत त्यांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरला मुक्काम करते. त्यांचं उदाहरण देऊन सिद्धान्तवाले हमखास म्हणतात, ‘बघा, तेव्हाच्या लोकांना कळलं नाही.’ कोणत्या लोकांना? नदीपलीकडच्या वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, मान्य. पण त्याच रामेश्वरभट्टांनी पुढे तुकोबांचे पाय धरले आणि त्यांची आरती लिहिली. त्यासाठी नातवंडं मोठी व्हायची वाट पाहिली नाही. आणि बहिणाबाई? कोल्हापुरात कीर्तनातून तुकोबांचे अभंग ऐकले, नवऱ्याचा मार खाल्ला, तरी त्यांनाच गुरू मानलं आणि देहू गाठलं. तुकोबा तेव्हा हयात होते. तिथे मंबाजी गोसाव्यानं छळलं तेही सोसलं. तेव्हा तुकोबांना थोर म्हणायची किंमत ही होती. आज आपण तुकोबांना थोर म्हणतो, त्यात आपलं काय जातं? फार तर वारीच्या दिवशी सोलापूर रस्त्यावर गाडी अडकते, आणि तेवढ्यावरही आपण कुरकुरतो.

पुढच्या पिढीनं काय केलं, तर वारीची व्यवस्था लावली. तुकोबा गेल्यावर जन्मलेल्या नारायणबाबांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. फार मोठं काम. पण निकाल त्याआधीच टाळकऱ्यांनी देऊन टाकला होता. जोतीरावांचंही तेच. 1888 साली मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं, तेव्हा जोतीराव समोर होते. कुणी ‘थांबा, इतिहासाला ठरवू द्या’ म्हणालं असतं, तर ती सभा अजून चालू असती.

म्हणजे ओळखणारे त्याच काळात ओळखतात. ज्यांना ओळखायचं नसतं ते फाईल पुढच्या पिढीकडे पाठवतात, जसा तलाठी तहसीलकडे पाठवतो.

एका जमातीचा मात्र पुढच्या पिढ्यांवर काडीचा विश्वास नाही: आमचे कार्यसम्राट. नातवंडं काय म्हणतील याची त्यांना शंका असावी, म्हणून थोरपण ते स्वतःच, वाढदिवसाला, वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर जाहीर करून टाकतात. वर नेत्यांची रांग, मध्ये हात जोडलेला गॉगलवाला, खाली शुभेच्छुक म्हणून सगळं मित्रमंडळ. पालखीच्या दिवसांत त्याच फ्लेक्सवर ‘सहर्ष स्वागत’ येतं आणि तुकोबा एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

तेव्हा समस्त शुभेच्छुकांना विनंती एवढीच, की यंदा पालखी मुक्कामाला येण्याआधी फ्लेक्स छापायला टाकाल, तेव्हा तुकोबांचा फोटो निदान साहेबांच्या गॉगलपेक्षा मोठा ठेवा.