एस्केपच्या जागी टॅब

एडिटर बदलण्याचा उत्तम मुहूर्त म्हणजे मुदतीचा आदला दिवस. हातात तातडीचे काम नसताना एडिटर बदलू नये; ज्याच्यापासून पळायचे तेच नसेल तर पळण्यात जोर कुठून येणार? तेव्हा आधी एखादे फीचर अंगावर घ्यावे, ‘उद्या देतो’ असे मीटिंगमध्ये सर्वांसमक्ष सांगावे, आणि मग जागेवर येऊन विम इन्स्टॉल करावा.

या मार्गदर्शनात दोन मतांचा विचार केला आहे. एक मोडवाल्यांचे: व्ही-आय, विम, निओविम, काकून, हेलिक्स. यांच्या मते कीबोर्डावरचे प्रत्येक अक्षर ही आज्ञा आहे आणि मजकूर टाइप करणे हा अपवाद. दुसरे मत ऑटोकम्प्लीटवाल्यांचे. यांच्या मते टाइप करणे हेच काम आहे, फक्त ते तुम्ही करायचे नाही. जाणकार म्हणतील की ही तुलनाच चुकीची. एक एडिटर आहे आणि दुसरे त्यात बसवायचे प्लगइन, दोन्ही एकत्र सुखाने नांदतात. अशा जाणकारांची कॉन्फिग फाइल एकदा मागून पाहावी.

प्रथम मोड. विममध्ये बहुतेकांचा प्रवेश ठरवून होत नाही. गिटमध्ये कमिट करायला जावे, संदेश लिहायला विसरावे, की पडदा बदलतो आणि आपण आत असतो. इथे लिहू लागल्यास अक्षरे उमटत नाहीत. काही ओळी नाहीशा होतात, कर्सर भलतीकडे जातो, खाली काहीतरी इशारा येतो. हा नॉर्मल मोड. आय दाबल्यावर इन्सर्ट मोड येतो, त्यात माणसासारखे लिहिता येते, आणि एस्केप दाबून परत यावे लागते. बाहेर कसे पडायचे हा प्रश्न २०१२ साली कोणीतरी स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारला, आणि २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. कंट्रोल-झेड दाबून सुटलो असे समजणाऱ्यांचा विम मागे थांबून राहिलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत असे बरेच जमतात. कंट्रोल-सी दाबले तर मात्र नवा विम स्वतःच खाली लिहून दाखवतो की बाहेर पडण्यासाठी कोलन, क्यू, ए आणि एंटर. म्हणजे मदत मिळते, आधी घाबरावे लागते एवढेच.

हे असे का, याचे उत्तर प्रत्येक साधकाला तोंडपाठ हवे, कारण कोणी न विचारता ते सांगावे लागते. १९७६ च्या सुमारास बर्कलीत बिल जॉयने व्ही-आय लिहायला घेतला तेव्हा तो घरून मोडेमवर काम करी. मोडेमचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. २४ ओळी आणि ओळीत ८० अक्षरे असा भरलेला पडदा पुन्हा काढायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा माणसाला दोन अक्षरांची आज्ञा ही चैन नव्हती, गरज होती. त्याच्यापुढचे टर्मिनल होते एडीएम-३ए. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते. म्हणून आजही विमवाला एचने डावीकडे आणि एलने उजवीकडे जातो. आणि त्या टर्मिनलवर एस्केप होता क्यूच्या शेजारी, म्हणजे आजच्या टॅबच्या जागी. करंगळी जरा हलवली की एस्केप. पुढे कीबोर्ड बदलले, एस्केप कोपऱ्यात गेला, त्याच्या गादीवर टॅब येऊन बसला. ही घटना लक्षात ठेवावी. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

एस्केप लांब गेल्याने कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकणे शिष्टसंमत आहे. काहीजण जे-जे असे दोनदा दाबले की एस्केप घडेल अशी सोय करतात. मुंबईत जे.जे. रुग्णालयाशी संबंधित सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ही सोय करू नये.

मोडवाल्यांमध्येही पोटभेद आहेत. विममध्ये आधी क्रियापद येते आणि मग कर्म: डी म्हणजे खोड, डब्ल्यू म्हणजे शब्द. हेलिक्स आणि काकून यांत उलटे. आधी डब्ल्यूने शब्द निवडायचा, तो पडद्यावर रंगतो, मग डीने खोडायचा. ‘शब्द खोड’ असे आपण बोलतो, ‘खोड शब्द’ असे नाही. तेव्हा विम हा इंग्रजी माध्यमाचा आणि हेलिक्स मराठी माध्यमाचा असे खुशाल जाहीर करावे. मराठीत टाइप करणाऱ्यांनी मात्र जपून. इनस्क्रिप्ट चालू ठेवून नॉर्मल मोडमध्ये आलात तर एच, जे, के, एल यांच्या जागी प, र, क, त येतात आणि कर्सर जागचा हलत नाही. याला लँगमॅप नावाची तोड आहे. ती बसवण्यात एक रविवार चांगला जातो.

मोडांना विरोध नवा नाही. झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात कट-कॉपी-पेस्टवर काम करणाऱ्या लॅरी टेस्लरने आयुष्यभर मोडांविरुद्ध मोहीम चालवली; त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ लिहिलेले असे. पार्कमधल्या ब्राव्हो या मोडवाल्या एडिटरची गोष्ट सांगतात. कोणीतरी लिहिण्याचा मोड चालू आहे समजून ‘एडिट’ हा शब्द टाइप केला. ई म्हणजे सगळे निवड, डी म्हणजे खोड, आय म्हणजे आता लिही. दस्तऐवजात उरला एकटा टी. विमवाल्यांना ही गोष्ट सांगावी. ते म्हणतात, चार अक्षरांत केवढे काम झाले!

आता दुसरे मत. पूर्वी ऑटोकम्प्लीट गरीब होते. विममध्ये कंट्रोल-एन दाबले की उघडलेल्या फायलींतला जुळणारा शब्द आणून ठेवी, एवढेच. पहिल्या दिवशी एखाद्या नावाचे स्पेलिंग चुकले तर ती चूक ते इमानाने सर्वत्र पोहोचवी, आणि त्यामुळे निदान सगळीकडे एकच स्पेलिंग राही. मग प्रत्येक एडिटरसाठी आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळे प्लगइन असा गोतावळा वाढला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला: भाषेचे ज्ञान एका वेगळ्या सर्व्हरमध्ये, आणि कोणत्याही एडिटरने त्याला विचारावे. दहा एडिटर आणि दहा भाषा यांच्यासाठी शंभर जोडण्यांऐवजी वीस पुरल्या. २०२१ मध्ये निओविमने ही सोय आतच घेतली. कामे सोपी झाली, त्यामुळे साहजिकच प्लगइन वाढले.

प्लगइन निवडताना एकच निवडू नये. वायसीएम घ्यावे, ते आधी कंपाइल करावे लागते. कॉक घ्यावे, त्याला नोड लागतो. एनव्हिम-सीएमपी घ्यावे, ते लुआत बसवावे लागते. तिन्ही एकदम चालू ठेवावीत. एका टिंबावर तीन खिडक्या उघडल्या की तुलना निष्पक्ष होते.

त्यात २०२१ च्या जूनमध्ये कोपायलट हा एआय-सहायक आला. तो शब्द पुरा करत नाही, पूर्ण फंक्शनच राखाडी अक्षरांत मांडून ठेवतो आणि टॅबची वाट पाहतो. आता टॅबचे दावेदार मोजावेत. ओळ आत सरकवणे हा मूळ मालक. यादीतली पुढची सूचना निवडणे हा कूळ. स्निपेटमधल्या पुढच्या जागेवर जाणे हा पोटभाडेकरू. आणि कोपायलटला ‘हो’ म्हणणे. एका कळेसाठी चौघे, म्हणून कॉन्फिगमध्ये ‘यादी उघडी असेल तर हे, नसेल आणि स्निपेट चालू असेल तर ते’ असा निकाल लिहावा लागतो. तो निकाल पुढे आपल्यालाच वाचता येत नाही. एस्केपचेही तसेच: यादी उघडी असताना तो दाबला तर यादी मिटेल की मोड बदलेल, हे ज्या त्या प्लगइनच्या मर्जीवर.

इथे प्रस्तुत लेखकाचे मत नोंदवतो. ऑटोकम्प्लीटचा सगळा संसार इन्सर्ट मोडमध्ये आहे, आणि विम म्हणतो की इन्सर्ट मोडमध्ये जेवढ्यास तेवढे थांबावे. प्रोग्रामर दिवसभर लिहितो ही समजूत त्याच्या घरच्यांची असते. तो बहुतेक वेळ वाचतो, हिंडतो, दोन ओळी खोडतो. म्हणून विमचा मूळ मोड हिंडण्याचा आहे. गंमत अशी की राखाडी अक्षरे जितकी जास्त लिहू लागली, तितके आपल्याला वाचायला आणि खोडायलाच उरले. तेव्हा टॅब दाबून ऐंशी ओळी स्वीकाराव्यात, लगेच एस्केप दाबावा, आणि त्यांतल्या साठ डीने काढून टाकाव्यात. या पद्धतीने दोन्ही मतांचा मान राहतो.

शेवटची तयारी ग्राहकाच्या सर्व्हरची. तिथे रात्री जावे लागते, आणि तिथे ना लुआ असते, ना लँग्वेज सर्व्हर, ना राखाडी अक्षरे. एखादा जुना व्ही-आय तेवढा असतो. सवयीने टॅब दाबला तर टॅबच उमटतो. इन्सर्ट मोडमध्ये बाण दाबल्यावर पडद्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरे येऊ लागली तर घाबरू नये; एडिटर जुना आहे, बाकी सगळे ठीक आहे. एस्केप दाबावा, खात्रीसाठी आणखी एकदा दाबावा. बदल नको असतील तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. हवे असतील तर कोलन, डब्ल्यू, क्यू. दोहोंपैकी आपण नेमके कोणते दाबले, हे सकाळी ग्राहकाच्या फोनवरून कळते.