परण्या, पंप आणि मी

आमच्याकडं १९५३ची मॉरिस मायनर आहे, हे मुदखेडात कुणाला सांगावं लागत नाही. कुठं ना कुठं बंद पडलेली ती सगळ्यांनी पाहिलेली असते. ही गाडी आखणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिसनं पुढं जगप्रसिद्ध मिनी आखली. मराठवाड्यातल्या परण्याचा विचार मात्र त्यानं कधी केलेला दिसत नाही.

हिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर एस. यू. पंप दिसतो. चावी फिरवली की टिकटिक करतो, कार्बोरेटरची वाटी भरली की गप्प बसतो. आतले पॉइंट जळले की रुसतो. मग पान्ह्यानं हलकासा टोला द्यायचा. हे शास्त्र घरात फक्त मला येतं आणि मी ते कुणाला शिकवत नाही.

भाच्याच्या परण्याच्या आदल्या दिवशी मी इंजिनाकडचा सगळा पत्रा स्क्रूबिक्रू काढून क्रीम रंगानं रंगवला. सकाळी मुदखेडचेच गुलाब-मोगरा लावले. नवरदेव बसला, बँड वाजला, गाडी ऐटीत निघाली आणि स्टेशनच्या रस्त्यावर थांबली. वाटीत कालचं पेट्रोल तेवढंच होतं, आणि पंप मुका आहे हे बँडच्या गोंगाटात कळणार कसं? पोरं धक्का मारायला लागली. धक्क्यानं पेट्रोल येत नसतं, हे मी ओरडून सांगत होतो. बँडवाल्यांना वाटलं, फर्माईश आहे.

टोला दिला. जोरात दिला. मग खिशातला टेस्टर वायरीला लावला. पेटेना.

“करंटच नाही!” मी जाहीर केलं.

“घरातला टेस्टर बारा व्होल्टवर पेटत असतो का?” दाजी म्हणाले. दाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. “आणि हे काय, बॉडीला पॉझिटिव्ह जोडलंय?”

इथं मी छाती काढली. या मॉरिसचं अर्थिंग मुळातच पॉझिटिव्ह असतं! दाजी गप्प झाले. गाडी तर आधीपासूनच गप्प होती.

एवढ्यात फुलांच्या टेम्पोवरचा पोरगा दोन वायरींचा बल्ब घेऊन आला. एक टोक पंपाच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला: लखलखीत उजेड. दुसरं टोक तिथून काढून पंपाच्या अर्थच्या स्क्रूला लावलं: अंधार.

“मामा, करंट येऊलालाय, पर वापस जायला वाटच न्हाई.”

अर्थची वायर पत्र्याला जिथं कसलेली असते, तिथं माझा क्रीम रंग होता. चांगले दोन हात. पोरानं स्क्रू काढून चावीनं रंग खरवडला, वायर परत कसली. टिकटिक सुरू झाली. तोवर नवरदेव टेम्पोत रिकाम्या टोपल्यांमध्ये जाऊन बसला होता आणि काही केल्या उतरायला तयार नव्हता.

मुदखेड-भोकर भागात कुणाला परण्यासाठी मॉरिस हवी असेल तर अवश्य सांगा. भाडं घेत नाही. टेम्पो मात्र तुमचा तुम्ही आणा.